बोर्ड लष्कराचा, पण सात-बारा कुणाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यात एका गावात प्रश्नकर्त्याचं वडिलोपार्जित रान आहे आणि रानाला लागून गावचं गायरान. गेल्या चार-पाच वर्षांत गायरानाच्या एका भागाला तारेचं कुंपण पडलं आणि 'संरक्षण विभागाची जमीन, प्रवेश निषिद्ध' असा बोर्ड लागला. रानात जायची पाणंद कुंपणात गेली. कुंपण आपल्या बांधाच्या आत दोन-तीन गुंठे सरकलंय अशीही शंका आहे. तलाठ्यांनी 'ती फाईल गोपनीय आहे' म्हणून हात वर केले. माहिती अधिकारात 'या जागेत काय चालतं, जागा कशासाठी घेतली, त्याची सर्व कागदपत्रं द्या' असं विचारलं, तर कलम ८(१)(ए), म्हणजे देशाच्या सुरक्षेला बाधक माहिती न देण्याची मुभा, दाखवून नकार आला. त्याला वीस दिवस झाले. आता ड्रोन उडवून कुंपणाचे फोटो काढावेत आणि थेट कोर्टात जावं का, असं विचारलंय.

आधी ड्रोनचं बघू. उडवू नका. उजळाईवाडीचं विमानतळ जवळ आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरपर्यंतच्या पट्ट्यात वेगवेगळी बंधनं आहेत आणि करवीरची बरीच गावं त्या पट्ट्यात येतात. त्यात १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमात 'प्रतिबंधित ठिकाण' याची व्याख्या बरीच सैल आहे, सरकारच्या ताब्यातलं कुठलंही संरक्षणाचं काम तिच्यात बसू शकतं. तिथले फोटो काढले, नकाशा केला की तुमचा हेतू काय होता हे सांगत बसावं लागतं. आणि एवढं करून हातात काय येतं? ड्रोनच्या फोटोत कुंपण दिसतं, हद्द दिसत नाही. हद्द टिपणात (मोजणीच्या मापांच्या मूळ नोंदीत) आणि नकाशात असते. कुंपण हद्दीवर आहे की नाही हे ठरवायला दोन्ही लागतात, आणि कुंपण तर बांधावर उभं राहूनही दिसतंच आहे.

आता मूळ मुद्दा. तुमच्या अर्जात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक, आत काय चालतं. दुसरा, जमीन कुणाची, किती, कुठल्या आदेशानं गेली आणि तिच्या चतुःसीमा काय. पहिल्यावर गोपनीयतेचं पांघरूण घालता येतं आणि बहुतेक वेळा ते योग्यही असतं. दुसरा प्रश्न महसुलाचा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३२७ प्रमाणे नकाशे आणि भूमी अभिलेख लोकांना तपासायला खुले असतात आणि फी भरून नक्कल मिळते. शेजारी कोण आहे यावर ते अवलंबून नाही. जमीन खाजगी असो, सरकारी असो, लष्कराची असो, तिचा मालकी हक्क आणि क्षेत्र हे गुपित असू शकत नाही, कारण ज्याची हद्द कुणालाच ठाऊक नाही त्या जमिनीत घुसल्याचा ठपकाही कुणावर ठेवता येणार नाही. तुम्ही दोन्ही प्रश्न एका दमात विचारलेत, म्हणून पहिल्याचं उत्तर दुसऱ्यालाही मिळालं.

सरकार स्वतःसुद्धा हा फरक पाळतं. जानेवारी २०२२ मध्ये संरक्षण मंत्रालयानंच जाहीर केलं की संरक्षण संपदा महासंचालनालयाच्या (लष्करी जमिनींचा हिशेब ठेवणाऱ्या खात्याच्या) नोंदीत सुमारे १७.९९ लाख एकर जमीन आहे, त्यातली १.६१ लाख एकर ६२ छावण्यांच्या आत आणि बाकीची बाहेर. परदेशातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या नेवाडातल्या ग्रूम लेकच्या तळाचं, म्हणजे 'एरिया ५१'चं, नाव सीआयएनं उघडपणे घेतलं ते २०१३ साली. पण त्याच तळाकडे बघता येणाऱ्या दोन टेकड्या, सुमारे ३,९७२ एकर सार्वजनिक जमीन, १९९५ मध्ये हवाई दलानं बंद केल्या तेव्हा क्षेत्र, सीमा आणि कारण कागदावर जाहीर करावं लागलं. लोकांनी तेव्हाच बोट ठेवलं की १९५८ च्या कायद्याप्रमाणे ५,००० एकरांवर गेलं की काँग्रेसची मंजुरी लागते, म्हणून आकडा बरोबर खाली ठेवलाय. आत काय उडतं ते गुप्त होतं. किती एकर गेली ते गुप्त नव्हतं.

पुढचं सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे, ती म्हणजे जमीन नेमकी कुणाकडे आणि कशी गेली. तो कागद मिळेपर्यंत कोर्ट, मोर्चा, निवेदन सगळं अंधारातलं.

'कुणाकडे' हा प्रश्न वाटतो तेवढा सरळ नाही. आपल्याकडे खाकी किंवा हिरवा कपडा दिसला की गाव त्याला मिलिटरी म्हणतं. राज्य राखीव पोलीस दल, होमगार्ड, पोलिसांचं गोळीबाराचं मैदान, एनसीसी ही सगळी वेगळी खाती आहेत, आणि राखीव दल व पोलीस तर सरळ राज्याच्या गृह खात्याचे. तिथं जमीन राज्याच्या एका खात्याकडून दुसऱ्याकडे वर्ग झालेली असते आणि सगळी फाईल जिल्हाधिकारी कार्यालयातच असते. कोल्हापुरात छावणी परिषद नाही. महाराष्ट्रात त्या सात: पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहमदनगर, औरंगाबाद, कामठी. पण टेंबलाईच्या बाजूला प्रादेशिक सेनेची बटालियन आहे, म्हणजे खरोखरीची लष्करी जमीनही इथं आहेच. तिसरा प्रकार 'मिलिटरीची जमीन' या बोलीतल्या शब्दाचा. सैनिक टाकळीसारखी गावं असलेल्या जिल्ह्यात त्याचा अर्थ अनेकदा माजी सैनिकाला सरकारनं दिलेली जमीन असा असतो. ती भोगवटादार वर्ग २ ची (शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणारी) खाजगी वहिवाट आहे, संरक्षण खात्याशी तिचा संबंध नाही.

जुन्या कागदातल्या शब्दांनीही फसगत होते. वळिवड्याच्या माळावर १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, पुढं त्याच जागी सिंधी निर्वासितांचं गांधीनगर वसलं. एखाद्या फेरफारात 'छावणी', 'कॅम्प' असं वाचलं म्हणून ती लष्कराची जमीन ठरत नाही. उलट सात-बाऱ्यावर कबजेदाराच्या रकान्यात 'एम. ई. ओ.' एवढंच लिहिलेलं असेल तर लोक ते कुणा माणसाचं आद्याक्षर समजतात. ते मिलिटरी इस्टेट्स ऑफिसर, आजच्या संरक्षण संपदा अधिकाऱ्याचं जुनं नाव.

आता 'कशी गेली'. लष्कराच्या हाती जमीन येण्याचे मुख्यतः चार मार्ग, आणि प्रत्येकाचा कागद वेगळा निघतो.

पहिला, भूसंपादन. २०१३ च्या आधी १८९४ च्या कायद्यानं, नंतर २०१३ च्या. जुन्या कायद्यात कलम ४ आणि कलम ६ च्या अधिसूचना, कलम ११ चा निवाडा आणि ताबा पावती हे चार कागद निघालेच पाहिजेत. नव्या कायद्यात कलम ४० प्रमाणे देशाच्या संरक्षणासाठी तातडीचं संपादन होतं आणि त्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास वगळता येतो, पण अधिसूचना आणि नोटीस वगळता येत नाही. ताब्याआधी अंदाजी मोबदल्याची ८० टक्के रक्कम द्यावी लागते. थोडक्यात, गुपचूप भूसंपादन हा प्रकार कायद्यात नाही. तुमच्या खाजगी गटातली जमीन गेली असती तर नोटीस आणि निवाड्यात तुमच्या घराण्यातलं नाव असणारच. आजोबांच्या काळात पैसे उचलले आणि नातवाला माहीत नाही, हे मात्र बऱ्याचदा घडतं. निवाडा बघायच्या आधी भावकीत 'आम्हाला एक रुपया मिळाला नाही' असं छातीठोक सांगू नका.

दुसरा, सरकारी जमिनीचं हस्तांतरण. तुमच्या बाबतीत हेच असण्याचा संभव जास्त, कारण जमीन गायरान आहे. गायरानाबद्दल एक कडू गोष्ट आधी ऐकून घ्या. गायरान 'गावचं' असलं तरी मालकी राज्य शासनाची असते. जमीन महसूल संहितेच्या कलम २२ खाली ते चराईसाठी नेमून दिलेलं असतं, ग्रामपंचायतीकडे फक्त देखभाल. म्हणून शासन ते दुसऱ्या सार्वजनिक कामाला देऊ शकतं. पण हवं तसं नाही. कलम २२-अ आणि १२ जुलै २०११ चा शासन निर्णय (सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच वर्षीच्या जगपाल सिंग निकालानंतरचा) यांचा मतितार्थ असा की केंद्राच्या किंवा राज्याच्या सार्वजनिक प्रयोजनासाठी, आणि दुसरी योग्य सरकारी जमीन मिळत नसेल तरच गायरानाचा वापर बदलावा. म्हणजे फाईलमध्ये 'दुसरी जमीन उपलब्ध नाही' असं कुणीतरी सहीनिशी लिहिलेलं असलं पाहिजे. शिवाय आदेश, मोजणीचा नकाशा, ताबा पावती आणि फेरफार. यातला एकही कागद रणनीतीचा नाही.

तिसरा, तात्पुरता ताबा, जुन्या भाषेत अधिग्रहण. दुसऱ्या महायुद्धात भारत संरक्षण नियमांखाली आणि पुढं १९५२ च्या स्थावर मालमत्ता अधिग्रहण व संपादन कायद्याखाली देशभर जमिनी घेतल्या गेल्या. यात मालकी मूळ मालकाचीच राहते आणि त्याला भरपाई म्हणून भाडं मिळतं. १९८४ च्या एच. डी. व्होरा निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की अधिग्रहण हे स्वभावानंच तात्पुरतं, ते वर्षानुवर्षं ओढून मालकीसारखं वापरता येत नाही. तुमच्या प्रकरणात कुंपण अलीकडचं असल्यानं याची शक्यता कमी, पण जुन्या फेरफारात 'अधिग्रहण' आणि 'संपादन' यांतला फरक डोळे उघडे ठेवून वाचा. नकलाकारानं एकाच्या जागी दुसरा शब्द लिहिलेला असू शकतो.

चौथा, ज्यात जमीन जातच नाही. १९३८ चा मैदानी गोळीबार व तोफ सराव कायदा. यात राज्य शासन राजपत्रात क्षेत्र अधिसूचित करतं, ठराविक मुदतीसाठी, आणि सरावाच्या दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. त्या दिवसांत लोकांना हटवता येतं, नुकसानीची भरपाई द्यावी लागते आणि सात-बारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. नगरकडच्या के. के. रेंजच्या आसपासच्या गावांना हा प्रकार पाठ आहे. कायमचं तारेचं कुंपण या कायद्यातून येत नाही, म्हणून इथं थांबत नाही.

कोल्हापूरचा म्हणून एक पेच यात आहे. आपलं संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याआधीच्या जमिनींवर 'दरबार' किंवा 'सरकार' लिहिलेलं असायचं आणि ते सरकार म्हणजे ब्रिटिश नव्हे, करवीर दरबार. विलीनीकरणात छत्रपतींची खाजगी मालमत्ता वेगळी ठरली, बाकीची दरबारी मालमत्ता मुंबई सरकारकडे आली. संविधानाच्या अनुच्छेद २९४ प्रमाणे २६ जानेवारी १९५० ला जे प्रांताचं होतं ते राज्याचं झालं आणि जे डोमिनियन सरकारचं होतं ते संघराज्याचं. म्हणून नुसता 'सरकार' हा शब्द दाखवून कुणी म्हणालं की ही केंद्राची जमीन, तर ते पुरेसं नाही. मधला दुवा मागा. हा दुवा तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळाला नाही तर कोल्हापूरच्या पुरालेखागारात संस्थानी दप्तर शोधावं लागतं, आणि त्यातला बराचसा भाग मोडीत आहे. मोडी वाचक लागेल. हे पायरीनं शेवटी करा, आधी नको.

कागद कुठून सुरू करायचे? आजचा सात-बारा बघून थांबू नका. त्याच्या तळाशी फेरफार क्रमांकांची रांग असते, ती मागं मागं चालत जायची. गायरानाचा गट आणि तुमचा गट, दोन्हींची. करवीरच्या बऱ्याच गावांत एकत्रीकरण योजनेत जुने रि.स.नं. (रिव्हिजन सर्व्हे नंबर) जाऊन गट नंबर आले. जुनी अधिसूचना रि.स.नं. वर असते आणि आजचा नकाशा गटावर, त्यामुळे दोन्ही समोरासमोर ठेवूनही जुळत नाहीत. जुळवणारा कागद म्हणजे एकत्रीकरणाचा नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा. तो भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे. सोबत गाव नमुना १-ब मागा, त्यात बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनींची नोंद असते आणि गायरानातून क्षेत्र वजा झालं असेल तर तिथं दिसतं. गाव नमुना १-ई ही अतिक्रमणाची नोंदवही. तीही मागा, कारण तुमच्या घराण्याचं नाव तिथं आहे का हे समोरच्याआधी तुम्हाला कळलेलं बरं.

आणि 'कजाप', म्हणजे क्षेत्रातली वाढ-घट नोंदवणारं कमी-जास्त पत्रक. माझ्या मते असल्या प्रकरणांत सगळ्यात जास्त बोलणारा कागद हाच. आदेश निघतो, ताबा जातो, फेरफार होतो, पण भूमी अभिलेखात कजाप होत नाही. मग सात-बारा एक क्षेत्र सांगतो, गाव नकाशा दुसरं, आणि कुंपण घालणारा ठेकेदार त्याच्या हातातल्या कागदावरच्या आकड्याप्रमाणे खांब रोवत जातो. दोन-तीन गुंठे सरकणं हे बहुतेक वेळा असल्या दिरंगाईचं फळ असतं, त्यात कारस्थान शोधू नका.

आकड्यांतली एक चूक तर इतकी नेहमीची आहे की आधी तीच तपासावी. संरक्षण खात्याच्या नोंदी एकर आणि दशांशात असतात. आपल्याकडच्या जुन्या नोंदी एकर-गुंठ्यात, नव्या हेक्टर-आरमध्ये. २.२५ एकर म्हणजे दोन एकर दहा गुंठे, कारण एकराचे गुंठे ४०. कुणी ते 'दोन एकर पंचवीस गुंठे' असं वाचलं की पंधरा गुंठे हवेतून तयार होतात. एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, आणि आरमध्ये तो साधारण १.०१ भरतो. आर आणि गुंठा एकच धरून चालणाऱ्यांचा फरक लहान क्षेत्रात दिसत नाही. चाळीस एकरांच्या माळावर मात्र तो साधारण एकोणीस गुंठ्यांवर जातो.

आता माहिती अधिकार. तुमच्याकडे दहा दिवस आहेत, कारण पहिलं अपील नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत करायचं असतं. ते कराच, पण त्यावर विसंबून राहू नका. सोबत नवा, नीट लिहिलेला अर्ज टाका. राज्याच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून तीन कार्यालयांना तीन अर्ज: तहसीलदार, भूमी अभिलेख उपअधीक्षक आणि जिल्हाधिकारी कार्यालयाची महसूल शाखा. मजकूर असा काहीसा ठेवा: 'मौजे अमुक, तालुका करवीर, गट नंबर अमुक या गायरान जमिनीतून केंद्र शासनाच्या संरक्षण विभागास हस्तांतरित अथवा संपादित झालेल्या क्षेत्राबाबत (१) आदेश अथवा अधिसूचनेचा क्रमांक व दिनांक आणि त्याची प्रत, (२) क्षेत्र व चतुःसीमा, (३) मोजणी नकाशा, (४) ताबा पावती, (५) फेरफार व कमी-जास्त पत्रक यांच्या प्रती. जागेचा वापर, तेथील बांधकाम, मनुष्यबळ किंवा साहित्य याबाबत कोणतीही माहिती मागितलेली नाही.' शेवटचं वाक्य गाळू नका. ८(१)(ए)चा दरवाजा तेच बंद करतं.

चौथा अर्ज संरक्षण संपदा अधिकाऱ्यांना. आपल्या भागासाठी तो पुण्याला पाठवा. चुकीच्या कार्यालयात गेला तरी कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करायची जबाबदारी त्यांची. केंद्राचा ऑनलाइन पोर्टलही चालतो, शुल्क दहा रुपये. छावणीबाहेरच्या जमिनींसाठी त्यांच्याकडे सैनिकी जमीन नोंदवही असते, 'मिलिटरी लँड्स रजिस्टर'. त्यातल्या तुमच्या गटापुरत्या नोंदीचा उतारा मागा. २०११ पासून 'रक्षा भूमी' नावाच्या संगणकीय प्रणालीत या नोंदी चढवल्या आहेत, तेव्हा 'रजिस्टर सापडत नाही' हे उत्तर सहजासहजी मान्य करू नका.

अपिलात काय लिहायचं? लांबलचक देशभक्ती नको. चार मुद्दे. एक, कलम २४ आणि दुसऱ्या अनुसूचीत ज्या संस्थांना सूट आहे त्या यादीत आयबी, रॉ, सीमा सुरक्षा दल, डीआरडीओ वगैरे आहेत. भूदल आणि संरक्षण संपदा महासंचालनालय त्यात नाहीत. दोन, कलम १० प्रमाणे गोपनीय भाग झाकून उरलेला द्यावा लागतो. नकाशातल्या आतल्या इमारती काळ्या करा आणि बाहेरची रेषा द्या, असं स्पष्ट म्हणा. तीन, कलम १९(५) प्रमाणे नकार बरोबर होता हे दाखवायची जबाबदारी माहिती अधिकाऱ्याची. चार, कलम २२ प्रमाणे गुपिते कायद्याशी विसंगती आली तर माहिती अधिकार कायदा वरचढ. इंटरनेटवर एक सल्ला फिरतो की माहिती वीस वर्षांपेक्षा जुनी असली की द्यावीच लागते. इथं तो वापरू नका. कलम ८(३) मध्येच ८(१)(ए) ला अपवाद ठेवलाय आणि समोरचा वकील तो पहिल्या मिनिटात दाखवेल. दुसऱ्या अपिलाला ९० दिवस असतात. राज्याच्या कार्यालयांसाठी ते राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे, संरक्षण संपदेसाठी दिल्लीच्या केंद्रीय आयोगाकडे. तिथं वेळ लागतो, म्हणून महसुलाच्या नकला साध्या नक्कल अर्जावर काढण्याचं काम समांतर चालू ठेवा. खरं सांगायचं तर निम्मे कागद माहिती अधिकाराशिवायच हाती येतात. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (तलाठ्यांचं हे नवं नाव) नसलेली गोष्ट अभिलेख कक्षात असते, आणि 'गोपनीय' हा शब्द पुष्कळदा 'माझ्याकडे नाही' याचा पर्याय म्हणून वापरला जातो.

कागद आल्यावर मोजणी. तुमच्या स्वतःच्या गटाची हद्दकायम मोजणी लावा, गायरानाची नाही. तो अर्ज तुमच्या हक्कातला आहे. लगतचे कबजेदार म्हणून अर्जात शासनासोबत संरक्षण संपदा अधिकारी आणि कुंपण ज्यांच्या ताब्यात आहे त्या स्थानिक युनिटचा प्रमुख अशी दोन्ही नावं पत्त्यांसह द्या. कार्यालयाच्या नोटिशीशिवाय तुम्हीही स्पीड पोस्टानं प्रत पाठवा आणि पोच जपून ठेवा. हे चुकलं की मोजणी अगदी अचूक असूनही 'आम्हाला नोटीस नव्हती' या एका ओळीवर बाद होते. भूकरमापकाला कुंपणाच्या आत जायचं असेल तर लेखी परवानगी लागेल. ती मिळाली नाही तरी अडत नाही. गावातले कायम दगड, तिहेरी हद्दी, विहिरी यांवरून तुमच्या बाजूनं रेषा बसवता येते. मोजणीच्या दिवशी आग्रह धरायचा तो एवढाच: टिपण आणि गट नकाशावरून मोजा, आहे त्या बांधावरून नको. बांध नांगरानं सरकतो आणि तुमचा बांधही त्याला अपवाद नसेल. शेवटी 'क' प्रत (मोजणी नकाशाची अर्जदाराला मिळणारी प्रत) घ्या आणि तीत कुंपणाची रेषा वेगळ्या खुणेनं दाखवलेली आहे का ते बघूनच सही करा.

इथून पुढं निकालावर अवलंबून. कुंपण खरोखर तुमच्या हद्दीत निघालं, तर 'क' प्रत जोडून संरक्षण संपदा अधिकारी, युनिट आणि जिल्हाधिकारी यांना संयुक्त मोजणीची मागणी करा. केंद्राचं खातं असल्या कागदाला उत्तर देतं, तोंडी भांडणाला देत नाही. उत्तर आलं नाही तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आणि मग दावा. नोटिशीशिवाय घाईनं दावा टाकला की तो त्याच कारणावर परत येतो, तातडीचा मनाई हुकूम हवा असेल तरच न्यायालयाच्या परवानगीनं सूट मिळते. कुंपण बरोबर आणि तुमचाच बांध पुढं गेलेला निघाला, तर १९७१ च्या सार्वजनिक जागा कायद्याखाली नोटीस येऊ शकते. तिला मुदतीत उत्तर द्या. बेदखलीचा आदेश झाला तर जिल्हा न्यायाधीशांकडे अपिलाला फक्त बारा दिवस असतात आणि एवढ्या मुदतीत वकील शोधतानाच दमछाक होते. तिसरी शक्यता, आदेशच सापडत नाही. मग गायरानाचा मालक म्हणून राज्यानंच भूमिका घ्यायची असते. जमीन महसूल संहितेच्या कलम २० खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे चौकशी मागा, ग्रामसभेच्या ठरावासह. त्या आदेशाविरुद्ध दिवाणी दावा करायचा तर एक वर्षाच्या आत, हे लक्षात असू द्या.

पाणंदीचा विषय हद्दीच्या वादात मिसळू नका, तो वेगळ्या पायावर उभा राहतो. गाव नकाशात दुहेरी किंवा तुटक रेषेनं पाणंद दाखवलेली असेल तर काम सोपं: हस्तांतरणाच्या आदेशात ती वगळली आहे का, की तिचा बदली रस्ता द्यायचा अटीत लिहिलंय, एवढंच बघायचं. नकाशात नसेल आणि नुसती वहिवाट असेल तर अडचण आहे. सुविधाधिकार कायद्यात खाजगी जमिनीवरून वाटेला वीस वर्षं पुरतात, सरकारी जमिनीवरून तीस लागतात. तेवढ्या वर्षांचा पुरावा म्हणजे जुने जबाब, ऊस वाहतुकीच्या साखर कारखान्याच्या पावत्या, त्या वाटेनं गेलेली पाण्याची पाइपलाइन किंवा विजेचे खांब. पण बंद कुंपणातून वाट मागण्यापेक्षा कुंपणाच्या कडेनं बदली वाट मागितली तर ती मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त. सुरक्षेचं कारण तिथं आड येत नाही.

घर किंवा गोठा बांधायचा विचार असेल तर आणखी एक. 'लष्कराजवळ बांधकाम बंद' असं सरसकट कुणी सांगितलं तर कशाच्या आधारावर ते लेखी विचारा. १९०३ च्या संरक्षण कामे कायद्याखाली राजपत्रात घोषणा झाली असेल तर बंधन कायद्याचं आहे, आणि त्याची भरपाईही मागता येते. घोषणा नसेल आणि संरक्षण मंत्रालयाच्या २०११, २०१५, २०१६ च्या परिपत्रकांवर बोट ठेवलं असेल, तर त्यातली अंतरं ठिकाणाप्रमाणे वेगळी आहेत. आपलं ठिकाण कुठल्या परिशिष्टात, कितव्या क्रमांकाला, हे विचारल्याशिवाय परवानगीचा अर्ज मागं घेऊ नका. विमानतळाची उंचीची अट ही तिसरीच गोष्ट, ती नागरी विमान खात्याची, आणि साध्या गोठ्याला बहुधा आड येत नाही.

तर या आठवड्यात अपील आणि नवे चार अर्ज, सोबत नऊ-तीनच्या उताऱ्याचा नक्कल अर्ज. उतारा आला की जुना रि.स.नं., आजचा गट आणि गायरानाच्या फेरफारांचे क्रमांक इथं टाका, नावं झाकून. जमीन चारपैकी कुठल्या वाटेनं गेली ते त्यावरून सांगता येईल.